अजून दोन गीतं

चोपदार : तुमच्या उपासना ऐकायच्या डब्यात काही बिघाड नाही, बाई. तीनदा उघडून पाहिला.

बाई : मग चौथ्यांदा उघड. रविवारी उपासना अर्धीच ऐकू आली.

चोपदार : अर्धी म्हणजे? पाळकसाहेबांचं प्रवचन आलं नाही?

बाई : आलं की. नको तेवढं आलं.

चोपदार : गीतं?

बाई : आली. तिसऱ्या गीतात गायकवृंदातले पुरुष मागे रेंगाळले, आणि तुमचा तो नवा ऑर्गनवाला त्यांच्यासाठी थांबला. मी असते तर कानाला धरून ओढून नेलं असतं सगळ्यांना.

चोपदार : चौतीस वर्षं नेलंतच की. घंटा ऐकू आली?

बाई : आली. तुझी काठीसुद्धा आली. पाळकसाहेबांच्या पुढे चालतोस ना तू मिरवत, तेव्हा दर पावलाला ठक्क वाजते ती फरशीवर. रबर झिजलंय तिचं. चर्चचा चोपदार चाललाय की लंगडी घोडी, कळत नाही.

चोपदार : बसवतो नवीन. पण बाई, प्रवचन आलं, गीतं आली, घंटा आली, काठी आली. मग राहिलं काय?

बाई : तू तो पेचकस खाली ठेव आधी. जखम मांडीला नि मलम शेंडीला चाललंय तुझं.

चोपदार : ठेवला.

बाई : बस. तिकडे नको, त्या खुर्चीवर औषधं आहेत. पलंगावर बस. खालचा आवाज आला नाही या वेळी.

चोपदार : खालचा?

बाई : अगदी जमिनीलगतचा. बुटांचा. बाकाच्या फळीवर टुक, टुक, टुक. कधी गीताच्या तालात, बहुतेक वेळा तालाला सोडून. आणि प्रार्थना संपली, सगळे गप्प झाले, की एवढासा आवाज विचारतो, ‘झालं?’

चोपदार : ते होय! देवा रे. मी उगाच घाबरलो. तो बिघाड नाही, बाई. आधी होता तो बिघाड, तो मी काढून टाकला.

बाई : काय केलंस?

चोपदार : आपल्या वेदीची वस्त्रं ज्या लाँड्रीत जातात ना, तिथे एक बाई कामाला आहेत. गावात नव्या आहेत. पाचएक महिने झाले, त्या येतात उपासनेला. त्यांच्याबरोबर चार वर्षांची मुलगी. कुणाला त्रास नको म्हणून बिचाऱ्या शेवटच्या बाकावर बसतात. आणि मी तुमच्या डब्याचा माइक नेमका शेवटच्या खांबावर टांगलेला. ऑर्गनजवळ घुमत होता म्हणून मीच हलवला होता तो तिकडे.

बाई : पुढे बोल.

चोपदार : त्याआधीच्या रविवारी पाळकांच्या झग्यांच्या खोलीत मी सहज त्या माइकचा आवाज कानाला लावून ऐकला. पाळकसाहेब कुठे तरी लांब डोंगरावर, आणि माझ्या कानात पोरीचे बूट! म्हटलं, अरे बापरे, बाईंचे काय हाल होत असतील घरी. मग या रविवारी त्या आल्या तशा मी दारातच सांगितलं. समजुतीनं सांगितलं हां. म्हटलं, बाजूला काचेची खोली आहे, तिथे स्पीकर आहे, खेळणी आहेत, तिथे बसा.

बाई : बसली?

चोपदार : पहिल्या गीतापर्यंत. मग मी काचेतून पाहिलं तर खोली रिकामी. खेळणी जिथल्या तिथे.

चोपदार : बाई? तोंड का फिरवलंत? पाणी देऊ का?

बाई : तुला कुणी सांगितलं, मला त्रास होतो म्हणून?

चोपदार : सांगायला कशाला हवं? मी काय तुम्हाला आज ओळखतो?

बाई : कुणी सांगितलं, ते सांग.

चोपदार : तुमच्या हातांनी, बाई. आठवत नाही? मूल रडायला लागलं की तुम्ही वाजवता वाजवता दोन्ही हात वर उचलायचात. ऑर्गन बंद. सगळं गीत लटकलेलं. मग अख्खी मंडळी मान वळवून त्या आईकडे बघणार, आणि मी दार उघडणार. आपल्यात कधी शब्दानं बोलणं झालं नाही, पण ठरलेलंच होतं ते. तुमचे हात वर गेले, की मी दाराकडे. नंतर नंतर तर मूल नुसतं चुळबुळलं तरी माझे पाय आपोआप निघायचे.

बाई : मी उपासनेचं पावित्र्य राखत होते.

चोपदार : हो ना. म्हणून तर मीही राखलं.

बाई : माझ्यासाठी राखलंस.

चोपदार : तुमच्यासाठी.

बाई : बाकीच्यांना विचारलंस? डबे तीन घरी आहेत. मी, ते घड्याळदुरुस्तीवाले, आणि पुलापलीकडची ती शाळेतली मुख्याध्यापिका. त्यांना चालत असेल बूट.

चोपदार : घड्याळवाले गेले, बाई. उन्हाळ्याच्या आधीच. मुख्याध्यापिकांना मुलीनं नेलं आपल्याकडे. दोघांचे डबे कपाटात पडलेत माझ्या.

बाई : म्हणजे?

चोपदार : एकच डबा सुरू आहे. हा.

बाई : मला कुणी बोललं नाही.

चोपदार : मला वाटलं, पाळकसाहेबांनी सांगितलं असेल.

बाई : त्यांना वाटलं असेल, तू सांगितलंस. मी दर रविवारी शेवटी म्हणते, ‘घरी ऐकणाऱ्या आम्हा सर्वांना आशीर्वाद दे.’ सर्वांना! एकटीच म्हणत होते तर.

चोपदार : पाणी घ्या थोडं.

बाई : नको मला पाणी. तुला धाकटी आठवते? माझी बहीण.

चोपदार : आठवते.

बाई : तिचा मुलगा तेरा महिन्यांचा होता. दात येत होते त्याला. मला माहीत होतं दात येतायत ते, आदल्या दिवशी मीच बोट फिरवून पाहिलं होतं हिरडीवरून. तरी उचलले हात. मंडळी काय म्हणाली असती? बहिणीला एक न्याय आणि बाकीच्यांना एक?

चोपदार : जाऊ द्या, बाई. पंचवीस वर्षं झाली.

बाई : सत्तावीस. ती बाजूच्या वाटेनं गेली नाही. मधून गेली, वेदीपासून दारापर्यंत, सगळ्यांच्या देखत. तू दार उघडलंस.

चोपदार : उघडलं.

बाई : काही बोलली तुझ्याशी?

चोपदार : एवढ्या वर्षांत विचारलं नाहीत कधी.

बाई : आज विचारतेय.

चोपदार : ‘दार हळू लावा,’ म्हणाली. ‘ताईला आवाज चालत नाही.’

बाई : बरं.

चोपदार : रागानं नव्हती बोलली.

बाई : ते जास्त वाईट. रागावली असती तर भांडून मोकळ्या झालो असतो. त्या मुलाचं लग्न झालं, ते मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तू उठू नकोस. अजून सांगायचं ते सांगितलंच नाही मी.

चोपदार : मी कुठे उठतोय.

बाई : मी तिला उत्तर द्यायची.

चोपदार : धाकटीला?

बाई : नाही रे. त्या मुलीला. ती ‘झालं?’ म्हणाली, की मी इथून सांगायची, ‘नाही बाळा, अजून दोन गीतं आहेत.’ किंवा, ‘आता प्रवचन आहे, बूट काढून ठेव नि मांडी घाल.’ मोठ्यानं सांगायची. हसतोस काय?

चोपदार : हसत नाही, बाई.

बाई : हसलास तरी चालेल. इथे आठवडाभर मला कोण काय विचारतं? परिचारिका येते, ती विचारते, गोळ्या घेतल्या का. दूधवाला विचारतो, उद्या एक की अर्धा. पाळकसाहेब महिन्यातून एकदा विचारतात, बऱ्या आहात ना, आणि घड्याळ बघतात. ही हजेरी झाली. ते मूल मात्र असं विचारायचं, की ज्याचं उत्तर मला येतं. अख्खी उपासना पाठ आहे माझी, चोपदार. आता कुणाला तिचा उपयोग नव्हता. त्या पोरीला होता.

चोपदार : मी एक करतो. माइक तिथून काढतो आणि प्रवचनपीठावर बसवतो. मग त्या दोघी शेवटच्या बाकावर बसतील, आणि तुम्हाला प्रवचन अगदी स्वच्छ...

बाई : त्या माइकला हात लावशील तर बघ!

चोपदार : नाही लावत.

बाई : तू तिच्याकडे जा. तिला सांग, तिची जागा शेवटच्या बाकावर आहे. काचेआड नाही.

चोपदार : तुम्हीच बोला ना फोनवर. नंबर आणून देतो. नाहीतर इकडेच घेऊन येतो दोघींना.

बाई : इथे नको. समोर माणूस आलं की माझी जीभ कात्री होते, तुला माहीत आहे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. पोर घाबरेल, मग ‘झालं?’ विचारायचीसुद्धा बंद होईल. ती तिथे बसू दे. मी इथे बरी.

चोपदार : आणि नाही म्हणाल्या तर?

बाई : तर मग हा डबा घेऊन जा कपाटात. दुसऱ्यांच्या शेजारी ठेव.

*

गुंडीची आई : वेदीचं पांढरं उद्या मिळेल, काका. कांजी वाळलेली नाही अजून.

चोपदार : कपड्यांसाठी नाही आलो.

गुंडीची आई : मग जरा बाजूला उभे राहा. मागे लोक आहेत. हां, बोला साहेब, पावती? दोन शर्ट, एक कोट. कोटाचा डाग गेला नाही, आधीच सांगितलं होतं. या. बोला काका. आता काय केलं माझ्या मुलीनं?

चोपदार : तिनं काही केलं नाही. मी केलं. त्या दिवशी दारात मी तुम्हाला म्हटलं ना...

गुंडीची आई : म्हटलंत, आम्ही ऐकलं, विषय संपला. माझ्या मनात काही नाही.

चोपदार : तुम्ही मध्येच निघून गेलात.

गुंडीची आई : मग काय करायचं तिथे? काचेतून लोकांच्या पाठी बघायच्या? खरं सांगू का, काका? प्रवचन मला तसंही अर्धंच कळतं. मी येते ते त्या मधल्या वेळेसाठी. सगळे एकमेकांना शांती देतात ना हातात हात घेऊन, तेव्हासाठी. हिचे बाबा जहाजावर. या गावात मी कुणाची कोण? दिवसभर लोक माझ्या हातात कपडे देतात, मी त्यांच्या हातात पावती देते. हातात हात म्हणून आठवड्यातून तेवढाच यायचा. आणि गुंडी तर बाकावर उभी राहून पुढच्या दोन ओळींपर्यंत हात घालायची. त्या दिवशी काचेआड मला आधीच कळलं, की आता ते सगळे शांती देणार, आणि आम्ही दोघी एकमेकींना देत बसणार. त्याच्या आधीच उठले.

चोपदार : माझं चुकलं.

गुंडीची आई : तुमचं कसलं चुकतंय? तुम्ही तर म्हणालात, घरी आजारी माणसं ऐकतात, त्यांना त्रास होतो.

चोपदार : माणसं नाहीत. एकच आहेत. पूर्वीच्या ऑर्गनवाल्या बाई. आणि त्यांनी मला आज बोलावून झाडलं, की मूल कुठे गेलं?

गुंडीची आई : म्हणजे?

चोपदार : त्या हिची वाट बघतात. घरात दुसरा आवाज नाही. हिचे बूट ऐकतात.

गुंडीची आई : वा! म्हणजे त्रास होतो तेव्हा आम्ही बाहेर, आणि करमत नाही तेव्हा आम्ही आत. माझी पोरगी काय रेडिओ आहे, काका? कान पिळला की सुरू, पिळला की बंद?

चोपदार : त्रास होतो, असं त्या कधी बोललेल्याच नाहीत. मी ठरवलं ते. चाळीस वर्षांची सवय. मूल हललं की दार उघडायचं, एवढंच येतं मला. तुम्ही बोला मला काय बोलायचं ते. त्यांच्यावर राग धरू नका.

गुंडीची आई : राग धरायला वेळ कुणाला आहे? गुंडी, त्या डब्यातली बटणं तोंडात घालू नकोस म्हटलं ना!

गुंडी : घातलं नाही. नुसतं लावून बघितलं. काठीवाले आजोबा, तुमची काठी कुठे?

चोपदार : काठी चर्चमध्ये. तिला नवीन बूट घालायचाय. आवाज करते ती.

गुंडी : मग तिला पण काचेच्या खोलीत बसवा.

गुंडीची आई : गुंडी!

चोपदार : बोलू द्या. बरोबर आहे तिचं.

गुंडी : त्या आजींना माझे बूट ऐकू येतात?

चोपदार : येतात. आणि तू ‘झालं?’ विचारतेस ना, तेही येतं.

गुंडी : आई सांगतच नाही मला. नुसती शू करते.

चोपदार : त्या आजी सांगतात.

गुंडी : काय?

चोपदार : सांगतात, ‘नाही बाळा, अजून दोन गीतं आहेत.’ अगदी बरोबर सांगतात. चौतीस वर्षं त्याच वाजवायच्या सगळं.

गुंडी : मला ऐकूच नाही आलं.

चोपदार : येत नाही ते. चर्चमधला आवाज तारेवरून त्यांच्या घरी जातो. त्यांच्या घरातला इकडे येत नाही.

गुंडी : का?

चोपदार : तसाच बनवलाय तो डबा.

गुंडी : कुणी?

चोपदार : असेल कुणीतरी. ज्याला वाटलं असेल, की घरी बसलेल्या माणसानं फक्त ऐकायचं.

गुंडी : त्यांच्या घरी कोण आहे?

चोपदार : कुणी नाही.

गुंडी : मग त्या कुणाला सांगतात?

चोपदार : तुलाच.

गुंडी : पण मी तर लगेच दुसरं बोलते!

गुंडीची आई : गुंडी, जा, आत इस्त्रीवाल्या मावशीला विचार, हँगर झाले का. जा. काका, पुन्हा असं काही तिच्यासमोर बोलू नका. आठवडाभर विचारत बसेल मला.

चोपदार : बरं. मग रविवारी?

गुंडीची आई : मी काही कबूल करत नाही. शनिवारी सगळ्या हॉटेलांच्या चादरी येतात. रविवारी डोळा उघडला तर उघडला.

चोपदार : शेवटचा बाक मोकळा ठेवतो.

गुंडीची आई : ठेवा. मोकळाच असतो तो.

*

(रविवार सकाळ. बाईंची खोली. बाईंनी खुर्ची टेबलावरच्या डब्याला चिकटवून घेतली आहे. चर्चमधले आवाज डब्यातून येतात.)

बाई : पहिलं गीत संपलं. ठक्क नाही. रबर बसवलंस तर, चोपदार. सांगितलेल्या दोन कामांतलं सोपं तेवढं केलंस.

बाई : पापांगीकार. गुडघे टेका सगळ्यांनी. माझे टेकत नाहीत, बसूनच म्हणते. जे करू नये ते मी केलं. दोन्ही हातांनी केलं.

बाई : झालं की आता. सगळे गप्प आहेत. विचार ना. आत्ताच विचारायचं असतं.

बाई : नाही आली.

बाई : दुसरं गीत. बरं वाजवलं. पोरगं शिकतंय. आता प्रवचन. चला, वीस मिनिटांची निश्चिंती. ऐकताय का कुणी, घड्याळवाले? तुम्ही झोपायचात प्रवचनात, मला माहीत आहे. मी वरून ऑर्गनच्या आरशात बघायची.

बाई : दार वाजलं? दारच ते. कोण गेलं रे उठून? पुन्हा उघडलंस कुणासाठी दार? सांगून सांगून...

बाई : की आलं कुणी?

पाळकसाहेब (डब्यातून) : ...आणि आता आपण एकमेकांस शांती देऊ या.

बाई : द्या. एकमेकांना द्या. केवढा गलका करतात. चारच तर माणसं असतात मेली. हा कोण एवढा बाकावर धडपडतोय?

चोपदार (डब्यातून, अगदी जवळून) : शांती असो. नाही, ताई, आधी तिला देतो. ती केव्हाची हात काढून उभी आहे. शांती असो.

बाई : कुणाला? चोपदार, कुणाला दिलीस?

बाई : बसले सगळे.

बाई : टुक. फळीवर टुक वाजलं?

बाई : नाही, भास असेल. कान म्हातारे झाले.

गुंडी (डब्यातून) : झालं?

बाई : नाही! नाही, बाळा. अजून दोन गीतं आहेत. एक लगेच, ते सोपं आहे, सगळ्यांना येतं. मग भाकर आणि द्राक्षारस, तेव्हा रांगेत पुढे जायचं आणि डोकं खाली करायचं, म्हणजे पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवतात. घाबरायचं नाही, त्यांचे हात थंड असतात एवढंच. आणि मग शेवटचं गीत. ते मोठं आहे. त्यात पाय वाजवलेस तरी चालतील. वाजव. मी काही हात उचलत नाही.

गुंडीची आई (डब्यातून, हळू) : काय झालं गं? अशी गप्प का बसलीस एकदम?

गुंडी (डब्यातून) : शू. आजी सांगतायत.